बारमाही टायरवाले काका

पुण्यातल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांत एक तरी म्हातारी फोर-बाय-फोर असते आणि तिच्याखाली एक गृहस्थ असतात. गाडीत बसलेले ते फार थोड्यांनी पाहिलेले असतात. रविवारी सकाळी दूध आणायला उतरावं, तर पार्किंगमध्ये वाटेवर त्यांचे दोन पाय. वळसा घालून सटकावं म्हटलं तर गाडीखालून आवाज येतो, "कोण, तिसऱ्या मजल्यावरचे का? जरा बॅटरी धरता?" एकदा बॅटरी हातात आली की दुधाची आशा सोडावी.

गाडी कुठलीही चालते. कुणाकडे महिंद्राची जीप असते, कुणाकडे पहिल्या पिढीतली सफारी. पण या जमातीचा अस्सल नमुना पाहायचा तर जिप्सीवालाच पाहावा. मारुती जिप्सी १९८५ साली आली, १९९६ साली थोडं मोठं इंजिन घेऊन 'किंग' झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. मधल्या काळात जगातल्या बाकीच्या गाड्या मऊ होत गेल्या, ही मात्र लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांवर आणि मागच्या आडव्या बाकांवर ठाम राहिली. त्या बाकांवर बसलेली माणसं एकमेकांचे गुडघे मोजत प्रवास करतात. लष्कराने ती हजारोंनी घेतली, पोलिसांनी घेतली, ताडोब्यात वाघ दाखवायला घेतली. थोडक्यात, ज्या ठिकाणी बसणाऱ्याला तक्रार करायची सोय नसते तिथे ती फार लोकप्रिय झाली. आणि मग ती आमच्या काकांनी घेतली. ते बँकेत होते. काकू शाळेत गणित शिकवायच्या. या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडणार आहेत.

इतर माणसं गाडीची ओळख कंपनीवरून सांगतात, फार तर रंगावरून. काका टायरवरून सांगतात. "काल वारज्याला एक भेटला. थर्टी-वनवर आहे," असं ते म्हणाले की नवख्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी गोळ्यांच्या डोसाबद्दल चाललंय. थर्टी-वन म्हणजे एकतीस इंच उंचीचं टायर. त्या माणसाचं नाव काय, करतो काय, यातलं काकांना काही ठाऊक नसतं.

गेल्या गणपतीनंतर काकांच्या टायरांचा प्रश्न उभा राहिला. टायर झिजली होती म्हणावं तर तसं नव्हतं. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, आणि काकांच्या टायरांवर अजून बोट रुतेल एवढ्या खाचा होत्या. झिजणार कशी? गाडी रविवारी सुरू होते, सोसायटीला एक फेरी मारून, बॅटरी चार्ज झाली एवढं समाधान देऊन परत जागेवर येते. ही टायर म्हातारपणाने गेली. टायरच्या बाजूच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काकांच्या टायरवर १४१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. रबर उन्हाने आणि हवेने कडक होत जातं, बसून राहिलं तरी होतं, आणि एक दिवस त्याच्या भिंतीवर बारीक चिरा दिसू लागतात. त्या काकांना दिसल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणतात. काकूंच्या मते जेवले, फक्त बोलले नाहीत, आणि तो दिवस फार शांत गेला.

त्यात जिप्सी २००१ ची. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, हरित कर भरावा लागतो, आरटीओत नेऊन गाडी दाखवावी लागते. यंदा जूनमध्ये ती पाळी होती. म्हणजे टायर घ्यायला साधारण नऊ महिने हातात होते. एखाद्याने एका दुपारी जाऊन चार टायर टाकून आणली असती. काकांना नऊ महिने अपुरे वाटले.

टायर निवडणं हे काकांच्या लेखी स्थळ पाहण्याइतकंच जोखमीचं काम, आणि पत्रिका भिंतीवर छापलेली. २०५/७० आर १५, ९६ एस. रुंदी दोनशे पाच मिलिमीटर, उंची त्याच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल, पंधरा इंची रिम. 'रेडियल' या शब्दाशी काका थांबतात, कारण मिशलँने १९४६ साली पहिलं रेडियल कसं काढलं हे सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. तिथून बाहेर पडलो की ९६. हा भाराचा आकडा. कोष्टकात ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो. काकूंनी भाजी निवडता निवडता गुणाकार केला: चार टायर, २८४० किलो. गाडीचं स्वतःचं वजन हजार किलोच्या आसपास. "उरलेले अठराशे किलो काय नेणार आहात?" काका म्हणाले, "मार्जिन हवं." आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालेल असं टायर. जिप्सीला हा वेग गाठायचा असेल तर ती विमानात घालावी लागेल. पण पत्रिकेत असलेला गुण कुणी कमी करून घेतो का?

स्थळं तीन प्रकारची होती. पहिलं एचटी, म्हणजे हायवे टेरेन. नक्षी बारीक, आवाज नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो, पेट्रोल कमी खातं. याच्याबद्दल काका आदराने बोलतात आणि विषय बदलतात. दुसरं एमटी, मड टेरेन. हे स्थळ दुरून बघूनच छाती भरून येते. मोठाले ठोकळे, मधे एवढ्या रुंद खाचा की चिखल आत शिरला तरी चाक फिरताच बाहेर फेकला जातो. आपल्याकडची काळी माती साध्या टायरच्या खाचा एका फेऱ्यात बुजवून टाकते, मग टायर आणि केळ्याचं साल यात फरक राहत नाही. तिथे एमटीच तारतं, हे काकांचं म्हणणं खरं आहे. पण हेच ठोकळे डांबरावर आले की घोंघावतात. चाळिशी ओलांडली की गाडीतल्या गाडीत ओरडून बोलावं लागतं. शिवाय खाचा मोठ्या, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. पावसात सिंहगड रस्त्यावर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला तर एमटीवाली जिप्सी त्या रिक्षात प्रवासी म्हणून दाखल होऊ शकते.

तिसरं एटी. ऑल टेरेन. थोडं रस्त्याचं, थोडं मातीचं. व्यवहारी माणसाने डोळे झाकून हेच घ्यावं असं सगळेच सांगतात, आणि म्हणूनच काकांना ते पसंत पडायला वेळ लागतो. सगळ्यांना आवडणाऱ्या स्थळात काहीतरी खोट असणार, असा त्यांचा बँकेतला अनुभव आहे.

इथवर ठीक होतं. मग कुठूनसं त्यांना चौथं स्थळ कळलं: ऑल सीझन. थंड देशांत ही टायर चालतात. साध्या टायरचं रबर सात-एक अंश सेल्सिअसच्या खाली ताठ होत जातं, पकड सोडतं. म्हणून तिकडे बर्फाळ प्रदेशात हिवाळ्याची टायर वेगळी, आणि ज्यांना वर्षातून दोनदा टायर बदलायचा कंटाळा त्यांच्यासाठी ही बारमाही. काहींवर 'एम + एस' अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती अक्षरं नक्षीच्या घडणीवरून कंपनी आपली आपण घालू शकते. पण तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असेल, तर ते टायर खरोखरच बर्फावर चाचणी देऊन आलेलं असतं. हे काकांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. लिफ्ट दोनदा वरखाली झाली.

"पण काका, पुण्यात बर्फ?"

काकांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, पर्यटक सुखावले, सोबत गाडीच्या टपावरच्या पांढऱ्या थराचा फोटो. ही बातमी दर हिवाळ्यात येते, आणि महाराष्ट्रात ती वाचून आनंदाखेरीज दुसरं काही झालेला मनुष्य मी पाहिला नव्हता. काकांना ती टायर निवडीचा आधार वाटत होती. "हे टपावर पडलं. उद्या रस्त्यावर पडेल."

काकूंनी कात्रण हातात घेऊन चष्मा लावला. "तुम्ही महाबळेश्वरला किती वाजता उठता?"

"आठ."

"मग वितळलेलं असतं."

हिमकण त्या दिवशी मागे पडला, पण 'ऑल सीझन' हा शब्द काकांच्या तोंडी बसला तो बसलाच. पुढे ते कुठल्याही टायरला ऑल सीझन म्हणू लागले. एका अर्थी ते बरोबरही होतं. आपल्याकडच्या तिन्ही ऋतूंत, म्हणजे ऊन, पाऊस आणि नगरपालिकेचं खोदकाम, एकच टायर चालवायचं असतं.

एक गोष्ट मात्र काकांना पक्की ठाऊक होती, आणि ती बहुतेक गाडीवाल्यांना नसते: जिप्सीची चारही टायर सारखीच हवीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सहज सुचवलं होतं, "मागची दोनच बदला. पुढची काय वाईट आहेत?" असा सल्ला या जमातीच्या माणसाला देऊ नये. दिलाच तर २६ जानेवारीच्या आधी देऊ नये. कारण झेंडावंदनाला सगळे खाली जमतात आणि जिलेबी मिळेपर्यंत कुणी हलत नाही.

राष्ट्रगीत संपलं तशी काकांनी जिलेबीच्या टोपल्यावर झाकण ठेवलं आणि चार चाकं निवडली. पुढे डावीकडे वॉचमन, उजवीकडे सेक्रेटरी. मागे मी आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी, ज्या स्वतःहून आल्या. पुढच्या दोघांच्या हातात एक काठी, मागच्या दोघांच्या हातात एक, आणि दोन्ही काठ्यांना जोडणारी कपडे वाळत घालायची दोरी. "ही जिप्सी. आता चौघांनी माझ्या शिट्टीवर, एकाच मापाचं पाऊल टाकत झेंड्याच्या खांबाला गोल फेरी मारायची. माप चुकवायचं नाही."

शिट्टी वाजली. दहा पावलांत घोटाळा सुरू झाला. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर चालतात, मागची लहान वर्तुळावर. पावलं सारखी, त्यामुळे आम्ही मागचे पुढच्यांना गाठायला लागलो. आजी सेक्रेटरींच्या टाचेवर चढल्या. मी वॉचमनच्या.

"थांबा! आहात तसेच थांबा!" काका आनंदाने ओरडले. "हेच! मोठ्या आधुनिक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे एक डिफरन्शियल असतो, तो हा हिशेब मिटवतो. जिप्सीत तो नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढचं आणि मागचं एकाच फेऱ्यात बांधलं गेलं. खाली चिखल असता तर कुणाचा तरी पाय घसरून भांडण मिटलं असतं. पण कोरड्या रस्त्यावर घसरता येत नाही. मग पीळ कुठे जातो?"

"माझ्या टाचेत," सेक्रेटरी म्हणाले.

"गिअरच्या पेटीत! म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायचा नाही. आता दुसरा प्रयोग. सरळ चाला." वॉचमन सहा फुटी, आजी पावणेपाच फूट. सरळ चालूनही पुढचे पुढे गेले, दोरी ताणली, आणि आजींनी काठी सोडून दिली. "बघा! पुढची टायर मोठी, मागची लहान, तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ. दोन नवी, दोन जुनी चालत नाहीत ती याच्यासाठी." टाळ्या पडल्या. जिलेबी गार झाली होती. पण आमच्या सोसायटीतल्या दुसरीतल्या मुलांनाही आता पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे काय हे समजतं, आणि हे श्रेय काकांकडून कुणी हिरावून घेऊ नये.

काकांच्या पराक्रमाची कथाही इथेच सांगून टाकतो, कारण टायरचा विषय निघाला की ती येतेच. केळशीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या कुणाची तरी मोटार वाळूत रुतली होती. भरती येत होती. काकांनी जिप्सीच्या टायरांतली हवा अठरापर्यंत उतरवली, लहान गिअरचा दांडा ओढला, दोर बांधला आणि मोटार बाहेर काढली. हवा उतरवली की टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत खड्डा करण्याऐवजी वर तरंगतं. ही युक्ती खरी आहे. काकूंची आवृत्ती अशी: मोटार बाहेर आली, जिप्सी आत गेली, दोन्ही एका ट्रॅक्टरने काढल्या, ट्रॅक्टरवाल्याने पाचशे मागितले आणि काकांनी त्याला त्याच्या टायरची तारीख सांगितली. शिवाय उतरवलेली हवा परत भरायला पंप नव्हता. दापोलीपर्यंत ते बैलगाडीच्या चालीने आले. तिथल्या केरळी पंक्चरवाल्याने हवा भरताना विचारलं, "नायट्रोजन?" तेव्हापासून काका हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच हे सगळ्यांना सांगतात. आता बऱ्याच किनाऱ्यांवर गाड्या न्यायला बंदी आहे. कासवांचं आणि काकांचं, दोघांचंही त्यात भलं झालं.

मार्चमध्ये काका नाना पेठेत गेले. मी बरोबर होतो, बॅटरी धरायला. टायरवाल्या शेठनी चहा सांगितला, आणि गाडी कुठली ते ऐकून बिस्किटंही सांगितली.

"मोठं टाकायचं का, काका? दोनशे पंधरा-पंचाहत्तर? सगळे जिप्सीवाले तेच टाकतात. गाडी काय दिसते!"

काकांचे डोळे चमकले. त्यांनी लगेच घरी फोन लावला, कारण आकडेमोड काकूंची. काकूंनी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात उत्तर दिलं. जुन्या टायरची उंची ६६८ मिलिमीटर, नव्याची ७०३. फरक पाच टक्के आणि वर थोडा. मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टला असेल. म्हणजे दंडाची पावती. आणि किलोमीटर मीटरवर कमी पडतील, म्हणजे ऍव्हरेज कागदावर घसरेल. "आणि पॉवर स्टिअरिंग नाही. खांद्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय तुमचं." शेठनी फोन स्पीकरवर असल्याबद्दल नाराजी दाखवली.

काकांना दंडाचं किंवा खांद्याचं काही वाटलं नाही. ऍव्हरेजचं वाटलं. लडाखला निघालेला माणूसही पुण्याचा असतो. त्यातून गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल त्यांच्या फायलीत होता, आणि पुढ्यात आरटीओची तारीख. टायर त्या निकालात बसतं की नाही यावर ते शेठशी अर्धा तास बोलले. शेठनी तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं करून पाठवली.

मग शेठनी तो प्रश्न विचारला, जो इतक्या महिन्यांत कुणी विचारला नव्हता. "काका, गाडी जाते कुठे?"

"लडाख."

"कधी?"

"बघू."

"आणि लडाख नसेल तेव्हा?"

काका चहाच्या ग्लासात पाहू लागले. स्पीकर अजून चालू होता. "मंडईत," काकूंचा आवाज आला. "तेही मी रिक्षाने जाते. तिथे गाडी लावायला जागा नसते."

शेठ चांगला माणूस. हसला नाही. त्याच्या दुकानात असे रोज येत असणार. कुणाला खारदुंगला गाठायचा असतो, कुणाला थरचं वाळवंट, आणि बहुतेकांना संध्याकाळी पाचच्या आत घर. त्याने आतून एक एमटी टायर गडगडत आणलं आणि काकांसमोर उभं केलं. नुसतं बघायला. काकांनी त्याच्या ठोकळ्यांवरून हात फिरवला. मी खरं तेच सांगणार होतो: फोर-व्हील ड्राइव्ह गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही, ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात, जिप्सीला एबीएस नाही, तेव्हा पावसाळ्यात रबर जितकं जास्त रस्त्याला टेकेल तितकं बरं. पण तो हात बघून बोलवलं नाही. काका म्हणाले, "विचार करून सांगतो." शेठ म्हणाला, "टायर कुठे जातंय?"

विचार एप्रिल उजाडेपर्यंत चालला. काकांनी वहीत रकाने आखले. एचटीला गुण जास्त पडले की ते 'सौंदर्य' हा नवा रकाना काढायचे. एमटी जिंकलं की काकू 'झोप' हा रकाना काढायच्या, कारण त्या आवाजात त्यांना गाडीत डुलकी लागली नसती. एकदा गुण समान झाले तेव्हा दोघांनी वही मिटून ठेवली आणि सिनेमाला गेले, रिक्षाने.

शेवटी काकूच नाना पेठेत गेल्या. एकट्या. पुढचा प्रसंग शेठने मला सांगितला, आणि सांगताना तो उभा राहिला होता. काकू आल्या, पर्समधून चिठ्ठी काढली नाही, काही नाही. म्हणाल्या, "२०५/७० आर १५, एटी, पाच. चार नाही, पाच, स्टेपनीसुद्धा त्याच मापाची, त्याच नक्षीची लागते. भार पंचाण्णवच्या खाली नको. तारीख सगळ्यांवर याच वर्षाची, आणि पाचही एकमेकांच्या महिन्याभरातली. जुनी पाच परत घ्यायची, भाव मी ऐकून आलेय, कमी सांगू नका. व्हॉल्व्ह नवे. अलाइनमेंट माझ्यासमोर." शेठने बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला खुर्ची आतून आणून दिली. पस्तीस वर्षं जेवणाच्या ताटावर जे बोललं जातं ते कुठेतरी साठतच असतं.

काकांनी संध्याकाळी टायर पाहिली. बराच वेळ उकिडवे बसले होते. प्रत्येक टायरची तारीख वाचली, मग उठून म्हणाले, "मीही हीच ठरवली होती." काकू म्हणाल्या, "म्हणूनच आणली."

रीतीप्रमाणे नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. साधारणपणे माणूस गाडी पुढे घेतो आणि लिंबं चिरडतात, संपलं. काका खाली उतरले, पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरचे खटके फिरवून आले, वर बसले, फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि चारही चाकांच्या बळावर चारही लिंबं एकाच क्षणी चिरडली. जिप्सी दोन फूट पुढे गेली. सगळी सोसायटी साक्षीला होती. मग दांडा काढला, खटके पुन्हा मोकळे केले आणि गाडी मागे घेऊन आच्छादन घातलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला काकूंच्या भाचीचं लग्न झालं. कार्यालय कर्वे रस्त्यावरचं. काका मंडपात दिसेनात तेव्हा काकू न बघताच म्हणाल्या, "पार्किंगमध्ये बघा." नवऱ्या मुलाची गाडी झेंडूच्या माळांनी मढवून उभी होती, मोठी पांढरी, बघणाऱ्याला फोर-बाय-फोर वाटावी अशी आणि चालणारी दोनच चाकांवर. तिच्या मागच्या चाकाशी काका सोवळं नेसून उकिडवे बसले होते, मोबाइलचा उजेड टायरवर धरून. वॉचमनला वाटलं हवा सोडताहेत. त्याने शिट्टी फुंकली. मुलाकडची मंडळी धावली, मागोमाग मुलीकडची.

"काय झालं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

काका धोतर सावरत उठले. "गाडी छान आहे. टायर २०१८ ची आहेत. पोरं उद्या महाबळेश्वरला निघणार ना? घाटात वळवाचा पाऊस गाठेल."

मुलाच्या वडिलांना हा मानपानाचा कुठला प्रकार ते कळेना. मुलीच्या वडिलांच्या कपाळाला घाम आला; त्यांना वाटलं, आयत्या वेळी मागणी आली. कुणीतरी गुरुजींना बोलावलं. काका मात्र शांत होते. त्यांनी मुलीच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"यंदा अधिक ज्येष्ठ आहे. दोन आठवड्यांत लागतोय. जावयाला वाण द्यावं लागणारच. तेहतीस अनारसे का देतात? वस्तू सच्छिद्र हवी म्हणून. बरोबर ना, गुरुजी?"

गुरुजी म्हणाले, "सच्छिद्र हवी हे खरं."

"मग टायरएवढं छिद्र दुसऱ्या कशाला आहे?"

मंडळी गुरुजींकडे बघू लागली. गुरुजी टायरकडे. तेवढ्यात हातातलं हळदीकुंकवाचं तबक सांभाळत काकू मागून पुढे आल्या आणि भावाला म्हणाल्या, "देणार असशील तर पाच दे."